परशुराम आदिमानव कधीपासून झाले? पुण्यातल्या एका तक्त्याचं प्रकरण

पुण्याच्या पेठांमधली एक जुनी, अनुदानित, मराठी माध्यमाची शाळा. विज्ञान प्रदर्शनाची तयारी चालू होती. दहावीच्या दोन मुली आणि एक मुलगा मिळून एक तक्ता घेऊन आले: 'दशावतार – भारतीय उत्क्रांतिवाद'. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "हा विज्ञान विभागात नाही लावता येणार. भाषा-संस्कृतीच्या दालनात लावा, छान दिसेल." मुलं हिरमुसली आणि घरी गेली. रात्रीपर्यंत पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बाई नास्तिक ठरल्या होत्या. कुणीतरी त्यांचं शिक्षण कुठल्या शाळेत झालं याचीही चौकशी आरंभली होती.

विज्ञान शिक्षकांची प्रशिक्षणं घेणं हे माझं काम. "जरा येऊन बसा, बाहेरचं माणूस असलं की आवाज खाली राहतात," असा मुख्याध्यापकांचा फोन आला म्हणून मी या प्रकरणात शिरलो. शाळेचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील फिरवले आहेत.

तक्ता

तो आधी नीट बघायला हवा, कारण नंतरच्या भांडणात बहुतेकांनी तो पाहिलाच नव्हता. दोन कार्डशीट जोडलेले. कॅलेंडरातून कापलेली दहा चित्रं, मध्ये हिरव्या स्केचपेनचे बाण. प्रत्येक चित्राखाली सुंदर वळणदार अक्षरात एकेक ओळ. मत्स्य: जलचर. कूर्म: उभयचर. वराह: सस्तन प्राणी. नरसिंह: जोडणारा दुवा. वामन: बुटका मानव, कंसात होमो हॅबिलिस (मानवाच्या वंशातली एक आदिम, नामशेष प्रजाती). परशुराम: आदिमानव, हत्यारांचा वापर. राम: समाजव्यवस्था. कृष्ण: पशुपालन आणि राजकारण. नवव्या चौकटीत बुद्ध: शांततेचा काळ. कल्की: भविष्यातला मानव, त्याच्या शेजारी कुणीतरी रोबोट काढला होता.

मेहनत होती, आणि डोकंही लावलेलं होतं. 'जोडणारा दुवा' हा शब्द मुलांनी धड्यातूनच उचलला होता. राज्य मंडळाच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' मध्ये पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. पेरिपॅटस, बदकचोच्या प्लॅटिपस, फुप्फुसमासा हे जोडणारे दुवे, म्हणजे दोन वेगळ्या गटांची लक्षणं एकत्र असलेले प्राणी, त्यात येतात. मुलांनी ती कल्पना नरसिंहाला लावली. शिकवलेलं वापरून पाहणं याला मी तरी चांगलंच म्हणेन.

कल्पना मात्र त्यांची नव्हती. अवतारांच्या क्रमात उत्क्रांती पाहण्याची टूम एकोणिसाव्या शतकातली. थिऑसॉफीवाल्या मादाम ब्लाव्हाट्स्कींनी १८७७ मध्ये ती मांडली, कलकत्त्यात ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी १८८२ मध्ये. म्हणजे डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये बाहेर पडल्यावर दोनेक दशकांनी. डार्विनच्या आधी दशावताराकडे या नजरेने कुणी पाहिल्याचं माझ्या वाचनात नाही. २०१९ च्या जानेवारीत जालंधरच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी हेच पुन्हा सांगितलं, आणि तिथून ते फॉरवर्ड होत होत आपल्या पेठेत पोचलं.

तक्रारी तीन, तोंडं तीन दिशांना

पहिली तक्रार तक्ता करणाऱ्या मुलाच्या वडिलांची. हिंजवडीत नोकरी, घरी रोज देवपूजा. गृहस्थ अगदी सभ्य. "आम्ही डार्विनच्या विरोधात नाही हो, उलट बाजूनेच आहोत. आपल्याकडे हे आधीच होतं, एवढंच मुलं सांगतायत. त्यात विज्ञानाचा अपमान कुठे झाला?"

दुसरी तक्रार कुणाला अपेक्षित नव्हती. वर्गातल्या एका मुलाची आई मुख्याध्यापकांना भेटायला आली आणि म्हणाली, "सर, नवव्या चौकटीत बुद्ध कसे?" घर आंबेडकरी बौद्धांचं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी नेमकी हीच आहे: बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे आम्ही मानत नाही. तिचं म्हणणं होतं की हे तुमच्या देवघरात असू द्या, पण माझ्या मुलाला विज्ञान म्हणून का शिकवता? (महाराष्ट्रातल्या कित्येक जुन्या दशावतार चित्रांत नवव्या जागी विठ्ठल असतो. मुलांनी ते कॅलेंडर घेतलं असतं तर ही तक्रार टळली असती आणि मग एक फार महत्त्वाचा मुद्दा कुणाच्या लक्षातच आला नसता.)

तिसरी तक्रार म्हणण्यापेक्षा सूचना होती, आणि ती संस्थेच्या कार्यवाहांकडून आली. "धडा एवढा ताणायचाच कशाला? प्रश्नोत्तरं लिहून द्या, मार्कांपुरतं बघा. सीबीएसईने तर काढूनच टाकलाय म्हणे."

खरं सांगायचं तर मला पहिल्या दोन तक्रारींपेक्षा हीच जास्त टोचली. पहिल्या दोघांना निदान काहीतरी वाटत होतं. इथे धडा गुपचूप ऑप्शनला टाकायचा बेत होता. आणि त्यातली माहितीही अर्धीच. सीबीएसईच्या शाळांत जिची पुस्तकं चालतात त्या एनसीईआरटीने २०२२ मध्ये अभ्यासाचं ओझं कमी करण्याच्या नावाखाली दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग गाळला, आणि पुढच्या वर्षीच्या छापील पुस्तकात 'आनुवंशिकता' एवढाच धडा उरला. एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध जाहीर पत्र काढलं. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहेच. पण अकरावीला कॉमर्स किंवा आर्ट्स घेणाऱ्या मुलाच्या वाट्याला ती कधी येणार? आपल्या राज्य मंडळाचं याबाबत कौतुक करायला हवं. पाचवीच्या परिसर अभ्यास भाग २ मध्ये उत्क्रांतीचा वेगळा धडा आहे, दहावीत पुन्हा आहे. ही पुस्तकं तयार होतात सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीत, म्हणजे या शाळेपासून रिक्षाने जाण्याच्या अंतरावर. आणि आपणच ती झाकायला निघालो होतो.

बैठक

मुख्याध्यापकांच्या खोलीत बसलो. हिंजवडीचे वडील, ती आई, कार्यवाह, बाई, मी. तक्ता करणाऱ्या मुलींपैकी एकीकडून आजोबा आले होते. माळकरी, वयाची सत्तरी ओलांडलेली, गावोगाव कीर्तनं करणारे. सगळे त्यांना बुवा म्हणत होते. कार्यवाहांनी त्यांना मुद्दाम शेजारी बसवून घेतलं. बुवा आले म्हणजे बाईंची बाजू आणखी लंगडी होणार, असा सगळ्यांचा, माझाही, अंदाज.

बुवांनी चष्मा पुसला, तक्ता टेबलावर पसरायला लावला आणि एकेक चौकट बोट ठेवून वाचली. सहाव्या चौकटीवर बोट थांबलं.

"परशुराम आदिमानव कधीपासून झाले?"

कुणी बोललं नाही. वडील म्हणाले, "बुवा, ते प्रतीक म्हणून."

"प्रतीक कशाचं? जमदग्नींचा मुलगा, वेद शिकलेला, शंकराकडून परशू मिळवलेला. त्याला तुम्ही दगड घेऊन गुहेत बसवलात. आणि वामन बुटका म्हणून अर्धवट माणूस? बळीपुढे उभा राहिला तेव्हा तो पूर्णब्रह्म होता की नव्हता?" मग नातीकडे न बघता, पण तिलाच ऐकू जाईल असं: "भागवतात पहिल्याच स्कंधात बावीस अवतार सांगितलेत. तिथे वराह दुसरा. मत्स्य दहावा, कूर्म अकरावा. मग तुमचे हे बाण कुठे लावणार?"

मी घरी येऊन पडताळलं. पहिला स्कंध, तिसरा अध्याय. बुवा बरोबर होते. त्या यादीत नारद तिसरे, कपिल पाचवे, दत्तात्रेय सहावे, आणि नरसिंह थेट चौदावा. दहा अवतारांचा क्रम उत्क्रांतीसारखा दिसतो तो त्या एका यादीमुळे. दुसरी यादी घेतली की सगळा डोलारा खाली येतो.

या प्रकरणातून मी काय घेतलं ते इथेच सांगून टाकतो. अमेरिकेत १९२५ मध्ये टेनेसीतल्या डेटन गावी एका शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला झाला, पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या शाळांचा असाच वाद २००५ मध्ये फेडरल कोर्टात निकाली निघाला. तिथे श्रद्धेने उत्क्रांतीला दाराबाहेर ठेवायचा प्रयत्न केला. आपल्याकडे तसं सहसा होत नाही. २०१८ च्या जानेवारीत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह, ज्यांना पुणेकर एकेकाळचे पोलीस आयुक्त म्हणून ओळखतात, औरंगाबादेत म्हणाले की डार्विन चूक आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी लगेच एकत्र निवेदन काढून ते खोडलं, आणि सिंहांच्या वरच्या मंत्र्यांनी, म्हणजे आपल्या प्रकाश जावडेकरांनी, त्यांना असं बोलू नका म्हणून सांगितलं. अशी उघड नकाराची भाषा पुण्यातल्या शाळांत मी फारशी ऐकलेली नाही. इथे डार्विनला पाट मांडून आत बसवतात, हळदकुंकू लावतात आणि मग तो काय म्हणतो ते ऐकायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. तक्त्यावर नैसर्गिक निवड हा शब्दच नव्हता. एकाच प्रजातीच्या जीवांमधले फरक, त्यातले टिकणारे, पुढच्या पिढीत उतरणारे, काहीच नव्हतं. होती फक्त शिडी. आणि त्या शिडीवर चढवताना देवांचं जे झालं ते बुवांनी सांगितलंच.

बाईंचा देवमासा

वडिलांनी हार मानली नाही. त्यांचा प्रश्न रास्त होता: "ठीक आहे, तपशील चुकले. पण पाण्यातून जमिनीवर, प्राण्यातून माणसाकडे, हा मोठा क्रम तर जुळतो ना?"

बाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी आधी कासव उभयचर नसून सरपटणाऱ्यांत मोडतं हे शांतपणे नोंदवलं (ते बरोबर, पण त्या क्षणी अगदी शिक्षकी वाटलं), आणि मग पुस्तक उघडलं. हात, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा वल्ह्यासारखा पुढचा अवयव, सगळ्यांत हाडांची मांडणी तीच. "देवमासा पाण्यात राहतो, पण फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लांना दूध पाजतो. त्याचे पूर्वज जमिनीवर चारी पायांनी चालत होते. तक्त्यावरचा बाण पाण्यातून जमिनीवर जातो. याचा उलटा जातो. याला कुठल्या अवताराखाली लावायचं?"

हा पुरावा आपल्याच उपखंडातला आहे, आणि पुण्यातल्या मुलांना तो सहसा कुणी सांगत नाही. देवमाशांच्या सगळ्यात जुन्या पूर्वजांचे जीवाश्म भारत-पाकिस्तानात सापडले, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत. कच्छमध्ये किनाऱ्यावर राहणाऱ्या आदिम देवमाशांचे अवशेष मिळाले. जम्मूतल्या कालाकोटचा इंडोह्यूस, हरणासारखा दिसणारा छोटासा खूरवाला प्राणी, २००७ मध्ये देवमाशांचा जवळचा भाऊबंद म्हणून मांडला गेला, कारण त्याच्या कानाच्या हाडाची घडण त्यांच्यासारखी होती. आजच्या प्राण्यांत देवमाशाचा सगळ्यात जवळचा नातलग पाणघोडा. उत्क्रांतीला वर जायचं नसतं, पुढेही जायचं नसतं. ज्या ठिकाणी जे टिकलं ते राहिलं. ही गोष्ट दशावताराच्या शिडीत बसत नाही, आणि बसवायला गेलं तर नेमकं हेच हातातून सुटतं.

आईचा मुद्दा यानंतर आपोआप सुटला असं समजू नका. तिला देवमाशाशी देणंघेणं नव्हतं. घटनेचं कलम २८ तिला पाठ नव्हतं, पण तिच्या म्हणण्याचा आशय तोच होता: मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण दिलं जात असेल, तर अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय त्यात बसवता येत नाही. एखादी धार्मिक मांडणी विज्ञान विभागात लावली की पालकांना संमती विचारायची सोयच राहत नाही, कारण ती मांडणी अभ्यासक्रम म्हणून समोर येते. भाषा-संस्कृतीच्या दालनात दशावतार असता तर ही आई आलीच नसती. तिने तसं स्पष्ट सांगितलं.

मुलीचा प्रश्न

बैठक संपल्यावर बुवांची नात बाईंपाशी आली. "बाई, मग देवाने काय केलं?"

या प्रश्नावर शिक्षक दोन पद्धतींनी घसरतात. काही जण म्हणतात, देव वगैरे काही नसतं, पुस्तक वाच. काही जण म्हणतात, देवानेच उत्क्रांती केली, दोन्ही एकच. पहिल्याने मूल घरी जाऊन धड्याचा राग धरतं. दुसऱ्याने पुन्हा तो तक्ताच तयार होतो. बाई म्हणाल्या, "ते मी शिकवत नाही गं, मला ते येतही नाही. ते आजोबांना विचार. देवमाशाचे पाय कसे गेले ते मला विचार." मला वाटतं, पंधरा वर्षांच्या मुलीला द्यायचं एवढं प्रामाणिक उत्तर फार थोड्यांना सुचेल.

आणि दोन्ही सांभाळणारी माणसं आहेतच की. विसाव्या शतकातल्या उत्क्रांतिशास्त्राच्या खांबांपैकी एक, थिओडोसियस डोब्झान्स्की, आयुष्यभर ख्रिस्ती धर्माला धरून राहिले. उत्क्रांतीच्या उजेडात पाहिल्याशिवाय जीवशास्त्रात कशाचाच अर्थ लागत नाही, हा त्यांचाच १९७३ चा निबंध. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही नुसत्या गृहीतकापेक्षा अधिक असल्याचं मान्य केलं. त्यांनी बायबलातल्या सहा दिवसांखाली जीवाश्मांची नावं चिकटवली नाहीत, हे इथे महत्त्वाचं.

पुण्याची स्वतःचीही एक परंपरा आहे आणि हिंजवडीच्या वडिलांनी ती बैठकीत काढलीच: टिळकांनी नाही का गीतारहस्यात डार्विन आणला? आणला. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या, १९१५ मध्ये पुण्यात छापलेल्या त्या ग्रंथात कापिलसांख्याची, म्हणजे कपिलमुनींच्या सांख्य तत्त्वज्ञानाची, चर्चा करताना टिळक डार्विन आणि जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल यांची मतं शेजारी ठेवून तपासतात. पण ते एका तत्त्वज्ञानाला दुसऱ्यासमोर उभं करून कुठे जुळतं, कुठे फाटतं ते पाहत होते, मोठ्या वाचकांसाठी, शेकडो पानं खर्चून. ती तुलना वाचायला मला आवडते. दहावीच्या प्रदर्शनात ती हिरव्या बाणांनी होत नाही.

पुढे काय झालं

मुख्याध्यापकांनी तोडगा काढला तो मला पटला नाही. तक्ता कुठेच लावायचा नाही, विषय बंद. कुणाचंच मन दुखावलं जायला नको म्हणून तिघा मुलांची मेहनत कपाटामागे गेली. संस्कृतीच्या दालनात तो लावून शेजारी भागवतातली बावीसची यादी ठेवली असती तर लोकांनी थांबून वाचली असती. मी तसं सुचवलं. "सर, तुम्ही आज आहात, उद्या नाही. ग्रुप मला सांभाळायचाय," असं उत्तर मिळालं, आणि त्यावर मला काही बोलता आलं नाही.

बाईंनी मात्र धडा ऑप्शनला जाऊ दिला नाही. त्यांनी मुलांना डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात नेलं, खऱ्या दगडी हातकुऱ्हाडी दाखवायला. तिला दांडा नसतो, ती मुठीत धरायची, हे पाहिल्यावर तक्त्यावाला मुलगाच म्हणाला, "म्हणजे परशू नाहीच." चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कमची अशी हत्यारं सुमारे पंधरा लाख वर्षं जुनी निघाली, आपल्या प्रजातीचा माणूस उगवण्याच्या कितीतरी आधीची. आपल्या जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरीला ज्वालामुखीच्या राखेच्या थराबरोबर हत्यारं सापडली, त्यांच्या वयाबद्दल संशोधकांत अजून भांडण आहे. मुलांना हे भांडण फार आवडलं. शास्त्रज्ञही भांडतात, पण राखेचा नमुना हातात घेऊन भांडतात, हे त्यांना नवीन होतं.

पुढच्या प्रदर्शनासाठी बाईंनी एक नियम मंजूर करून घेतला. विज्ञान विभागातल्या प्रत्येक तक्त्यावर खाली एक रकाना हवा: 'काय सापडलं तर हे चूक ठरेल?' रकाना रिकामा असेल तर तक्ता दुसऱ्या दालनात. कार्यवाहांनी लगेच सही केली, दशावताराचा प्रश्न कायमचा मिटला या आनंदात. नियमात पहिला अडकला तो 'तुळस चोवीस तास प्राणवायू देते' हा तक्ता, जो दर वर्षी लागतो आणि ज्याची कल्पना मुळात कार्यवाहांच्या सौभाग्यवतींची आहे. रात्री उजेडाशिवाय प्रकाशसंश्लेषण होत नाही, मग त्या रकान्यात काय लिहायचं, यावर सध्या शाळेत चर्चा चालू आहे.